लान्झारोते: सुट्टी, वारा आणि खड्ड्यातली द्राक्षं

लान्झारोतेला जायचं ठरवत असाल तर हॉटेलच्या फोटोंआधी वाऱ्याची दिशा बघा. स्पेनच्या कॅनरी बेटांतलं हे बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे. वर्षभर ऊन असतं, पाऊस वर्षाला १५० मिलिमीटरच्या आसपास, आणि उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत गाडीने तासाभराचं अंतर. हे सगळं जाहिरातीत असतं. जाहिरातीत नसतो तो ईशान्येकडून येणारा व्यापारी वारा. जून ते ऑगस्टमध्ये तो दिवसच्या दिवस थांबत नाही. इथली सुट्टी चांगली जाते की वाया, हे बरंचसं आडोसा कुठे मिळतो त्यावर ठरतं. इथल्या द्राक्षवेलींचंही तसंच आहे, म्हणून सुरुवात ला हेरिया या द्राक्षवेलींच्या भागापासून.

१ सप्टेंबर १७३० ला बेटाच्या पश्चिम भागात जमीन फुटली आणि एप्रिल १७३६ पर्यंत उद्रेक चालू राहिला. बेटाचा जवळपास चौथा हिस्सा लाव्हा आणि राखेखाली गेला, त्यात सर्वांत सुपीक शेतं होती. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थरही लाव्हाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. झिजून त्याची काळी माती झाली. इथल्या लाव्ह्याला तीनशे वर्षंही झालेली नाहीत, त्याची माती व्हायला अजून वेळच मिळालेला नाही. त्यामुळे शेतकऱ्यांनी राखेचा थर उपसून खालची जुनी माती गाठली, त्यात वेल लावली आणि वर पुन्हा काळी खडी पसरली. या खडीला तिथे ‘पिकोन’ म्हणतात. बाजरीच्या दाण्यापासून शेंगदाण्याएवढी, सच्छिद्र आणि हातात घेतली तर अगदी हलकी. रात्रीची दमट हवा आणि दव ती शोषून घेते आणि दिवसा खालची ओल उडू देत नाही. ठिबक, विहीर, पाट यांतलं काहीही नसताना वेल जगते ती या खडीवर.

खड्डा शंकूसारखा, राख जाड असेल तिथे तीन मीटरपर्यंत खोल. तळाशी बहुधा एकच वेल, जमिनीवर पसरलेली. काठावर वाऱ्याच्या बाजूला अर्धगोल भिंत, चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड ठेवून रचलेली, कोकणात वाडीला घालतात त्या गडग्यासारखी. एका हेक्टरात असे खड्डे फक्त दोन-तीनशे बसतात. नाशिक-दिंडोरीला तारांवर ओळीने चढवलेल्या बागा बघितलेल्या माणसाला हे उत्पादन किती थोडं आहे ते लगेच कळेल. इथे ट्रॅक्टर शिरत नाही, छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळं हाताने. शिवाय वर्षानुवर्षं वाऱ्याने आलेली माती खडीत मिसळली की तिची छिद्रं बुजतात, ओल धरणं कमी होतं आणि ती बदलावी लागते. बाटलीची किंमत महाग वाटली तर हा हिशेब आठवावा. साधी कोरडी (म्हणजे गोड नसलेली) पांढरी वाइन साधारण १२ ते २० युरोंना मिळते, आणि खड्डा जवळून बघितल्यावर ती किंमत रास्त वाटते.

बघताना एक पथ्य पाळा: खड्ड्यात उतरू नका. एका पावलाने काठाची खडी घसरून वेलीवर जाते आणि ती हाताने उपसावी लागते. बोदेगाच्या (म्हणजे वाइनरीच्या) आवारातल्या पायवाटेवरून सगळं नीट दिसतं.

ला हेरियातून एलझेड-३० हा रस्ता जातो. अरुंद आहे, बाजूला थांबायला पट्टी नाही आणि सायकलस्वार भरपूर. फोटोसाठी मध्येच गाडी उभी करू नका. दर काही मिनिटांवर बोदेगाचं पार्किंग येतं. एका दिवसात दोनच बोदेगा करा. पहिली एल ग्रिफो: १७७५ ची, कॅनरी बेटांतली सर्वांत जुनी. जुन्या तळघरात वाइनचं संग्रहालय आहे, तिथे जुनी यंत्रं आणि पिंपं नीट मांडलेली आहेत. मार्गदर्शकासह फेरी घ्यायची तर आधी ऑनलाइन जागा राखा, आयत्या वेळी हवी ती भाषा मिळेलच असं नाही. दुसरी ला हेरिया (भागाचंच नाव असलेली बोदेगा) किंवा रुबिकोन. या दोन्ही समोरासमोर म्हणाव्यात इतक्या जवळ आहेत आणि खड्ड्यांचा सर्वांत दाट पट्टा त्यांच्याच अवतीभोवती आहे. सकाळी अकराच्या आत पोहोचलात तर चव घ्यायला शांतता मिळते; त्यानंतर पर्यटकांच्या बसगाड्या येतात आणि काउंटरवर कोणी काही समजावून सांगण्याच्या स्थितीत नसतं.

मागायचं काय? मालवासिया वोल्कानिका. बेटावरची मुख्य द्राक्षं हीच. ‘सेको’ म्हणजे कोरडी: लिंबू-मोसंबीचा वास, पांढऱ्या फुलांचा हलका दरवळ आणि शेवटी जिभेवर किंचित खारट कड. मासळीबरोबर हिला तोड नाही. ‘सेमिदुल्से’ निमगोड असते, पहिल्या घोटाला सगळ्यांना आवडते. पण जेवणाबरोबर दुसऱ्या ग्लासाला कंटाळा येतो. आमचं मत स्पष्ट आहे: काउंटरवर सेमिदुल्से पुढे केली तरी आधी सेको चाखा. लिस्तान नेग्रो या काळ्या द्राक्षाची लाल वाइन हलकी, मिरीच्या वासाची. चांगली आहे, पण ती नेण्यासाठी सामानात जागा अडवू नका. गोडात मोस्कातेल आणि एल ग्रिफोची ‘कनारी’ बघण्यासारख्या. कनारीत १९५६, १९७० आणि १९९७ च्या वाइनचं मिश्रण आहे. पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर प्यावी. अगदी बर्फगार केली की ती खारट कड हरवते.

आता किनारे. वारा ईशान्येचा, म्हणून आडोसा दक्षिणेला. प्लाया ब्लांकाजवळचे पापागायोचे किनारे हे बेटावरचे सर्वांत सुरेख: पिवळसर वाळू, दोन्ही बाजूंना कडे, पाणी निवळशंख. तिथे जाणारा रस्ता कच्चा आहे आणि संरक्षित क्षेत्र असल्याने गाडीमागे थोडं शुल्क घेतात. भाड्याच्या गाडीचा विमा कच्च्या रस्त्यावर लागू नसतो असं बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं. आधी वाचा, नाहीतर प्लाया ब्लांकाहून चालत जा. सावली नाही, म्हणून छत्री आणि पाणी बरोबर हवंच. प्वेर्तो देल कार्मेनची प्लाया ग्रांदे मुलांसाठी सोयीची. फामारा दिसायला भव्य, पाच-सहा किलोमीटर लांब, मागे उंच कडा; पण तो वाऱ्याच्या तोंडावर आहे आणि पाण्याला ओढ आहे. तिथे सर्फिंग शिका, पोहायला जाऊ नका. एल गोल्फोचं हिरवं तळं फक्त वरून बघायचं असतं. समुद्राचं पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये २२-२३ अंशांपर्यंत जातं, हिवाळ्यात १८-१९. गोवा-कोकणच्या पाण्याची सवय असेल तर हे थंडच वाटेल.

म्हणून महिना निवडताना: वेली हिरव्यागार बघायच्या तर मे, पोहायचं तर ऑक्टोबर, दोन्ही थोडंथोडं साधायचं तर सप्टेंबरचा उत्तरार्ध. तोडणी जुलैअखेर सुरू होऊन ऑगस्टमध्ये आटोपते. अधूनमधून सहाराची धूळ घेऊन ‘कलिमा’ येते, दोन-तीन दिवस आकाश मातकट होतं. दमा असणाऱ्यांनी औषध जवळ ठेवावं.

तिमानफाया राष्ट्रीय उद्यान, म्हणजे १७३० च्या त्या उद्रेकाचा प्रदेश, चुकवू नका, पण उघडताच पोहोचा. नंतर गाड्यांची रांग रस्त्यावर येते. आत बसमधून १४ किलोमीटरची फेरी असते, उतरू देत नाहीत. काचेत प्रतिबिंब पडतं, म्हणून फोटो काढणाऱ्याने गडद कपडे घालावेत. जमिनीच्या उष्णतेवर भाजणारं एल दियाब्लो हे तिथलं रेस्टॉरंट. भट्टीची विहीर बघण्यासारखी, जेवण ठीकठाक.

जेवायला गावांतली साधी ठिकाणं बरी. ‘पापास आरुगादास’ म्हणजे छोटे बटाटे खूप मिठाच्या पाण्यात सालासकट उकडून, पाणी आटवून सालीवर मिठाचा पांढरा थर आणलेले. बरोबर मोहो ही चटणी: लाल मोहोत लाल मिरची, लसूण, जिरं, व्हिनेगर, हिरव्यात कोथिंबीर. लसूण-जिऱ्यामुळे ती आपल्या ठेच्याची नात्यातली वाटते, तिखटपणा मात्र खूपच कमी. शाकाहाऱ्यांनी हे बटाटे निर्धास्त मागवावेत; भाजलेल्या बकरीच्या चीजमध्ये मात्र प्राणिजन्य रेनेट असू शकतं, ते विचारून घ्यावं. गोफियो हे भाजलेल्या धान्याचं पीठ, सातूच्या पिठाच्या जवळचं. पण ‘गोफियो एस्काल्दादो’ सहसा माशांच्या रश्शात कालवतात. काबुली चण्यांच्या ‘गार्बान्सास’मध्येही बहुधा मांस असतं. विचारल्याशिवाय घेऊ नका.

गाडी हवीच, ला हेरियात बसची सोय नावापुरती. भारतीय परवान्याबरोबर आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना न्या, आणि चाखण्याच्या दिवशी चालवणाऱ्याने चाखू नये. बोदेगात थुंकायचं भांडं मागितलं तर कोणी वावगं समजत नाही. भारतातून थेट विमान नाही, माद्रिद किंवा युरोपातल्या दुसऱ्या शहरातून बदलावं लागतं. लंडनहून थेट चार तास, पण भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनाही शेंगेन व्हिसा लागतो. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. भारतात परतताना माणशी २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं: ७५० मिलीच्या दोन सेको आणि अर्ध्या लिटरची एक मोस्कातेल, बरोबर बसतात.