२०१५ सांगून २०१२ गळ्यात मारलं

मिरजेत घरच्याच एका खोलीत मी भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. पखवाज, पेटी, टाळ, चार गळे. जुना कॉम्प्युटर अठरा ट्रॅकला धापा टाकायला लागला, म्हणून पुण्यातल्या एका सेकंडहँड लॅपटॉपवाल्याकडून ३४ हजारांना मॅकबुक प्रो घेतला. 'तेरा इंची रेटिना, अर्ली २०१५, मॉन्टेरी आहे, लॉजिक मीच टाकून देतो दादा.' मॉन्टेरी म्हणजे ॲपलची ऑपरेटिंग सिस्टिम, लॉजिक म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. 'अबाउट धिस मॅक' उघडून दाखवलं, २०१५ लिहिलेलं होतं. मला तेवढं पुरलं. त्याच पडद्यावर प्रोसेसर २.५ गिगाहर्ट्झ लिहिला होता, तो मी वाचलाही नाही. २०१५ च्या तेरा इंचीत २.७ च्या खालचा प्रोसेसर आलाच नव्हता, हे कळायला मला तीन महिने लागले.

आषाढीच्या तोंडावर एक सुरक्षा अपडेट आली आणि मी ती केली. मशीन सुरू झालं ते वेगळंच. खिडक्या सरकवल्या की पडदा फाटल्यासारखा, लॉजिकमधला फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) हलवला की दोन सेकंदांनी हलायचा, आवाजात खरखर. बफर, म्हणजे मशीन एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने साठवून मग पुढे पाठवतं तो आकडा, १२८ वरून १०२४ केला. खरखर कमी झाली, पण पखवाजवाले बुवा हेडफोन काढून म्हणाले, "माझीच थाप मला उशिरा ऐकू येतेय." येणारच. १०२४ म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला २३ मिलिसेकंद, आणि तेही एकाच दिशेचे. त्या दिवशी मंडळ तसंच परत गेलं.

विक्रेत्याला फोन केला. "रिमोटवर घेतो, अडीच हजार पाठवा." पाठवले. त्याने काहीतरी चालवलं, मशीन पुन्हा सुरू झालं, सगळं ठीक. वर सल्ला, "आता अपडेट करू नका." का, ते सांगितलं नाही. लॉजिक अपडेट करायला गेलो तर भलत्याच कुणाच्या ॲपल आयडीचा पासवर्ड मागितला. तेव्हा कुठे मला शंका आली.

साउंडमधल्या एका मित्राकडे मशीन नेलं. तो म्हणाला, "बंद कर आणि ट्रॅकपॅड दाब." दाबला. टक् आवाज आला. "बोंबला," तो म्हणाला. २०१५ चा ट्रॅकपॅड प्रत्यक्षात खाली जातच नाही, टिचकी मोटर देते, त्यामुळे मशीन बंद असताना तो दगडासारखा राहतो. माझा वाजला. मग मशीन उलटं केलं, तळावर बारीक अक्षरांत ए१४२५. २०१५ वर ए१५०२ असतं. ग्राफिक्स आयरिस ६१०० हवं, माझ्यात एचडी ४०००. ऑप्शन की दाबून सुरू केलं तर डिस्कशेजारी 'ईएफआय बूट' नावाचं चिन्ह, म्हणजे बाहेरून टाकलेल्या बूट सॉफ्टवेअरची खूण.

म्हणजे मशीन २०१२ च्या पिढीचं, ॲपलच्या हिशेबाने मॉन्टेरीपेक्षा जुन्या कॅटलिना सिस्टिमपर्यंतच जाणारं. त्यावर ओपनकोअर लेगसी पॅचर या, जुन्या मॅकवर नवी सिस्टिम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने मॉन्टेरी चढवलेली आणि मॉडेलचं नावही बदललेलं. मॉन्टेरीतून एचडी ४००० चे ड्रायव्हर काढलेले आहेत, पॅचर ते परत बसवतो, आणि सिस्टिम अपडेट झाली की ते पुसले जातात. रिमोटवर त्याने तेवढंच पुन्हा बसवलं होतं. पॅचर फुकट मिळतो, आणि करणारे स्वतःच बजावतात की अपडेटनंतर पॅच पुन्हा लावा. त्यांच्यावर माझा राग नाही. फुकटच्या दोन क्लिकचे अडीच हजार मात्र झोंबतात.

आता मशीनवर कॅटलिना आहे, लॉजिक काढलं, रीपर हे दुसरं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर घेतलं. साठ दिवस वापरून मग ६० डॉलरचं लायसन. अठरा ट्रॅक चालतात, प्लगिन जपून लावावे लागतात. ८ जीबी रॅम बोर्डालाच जोडलेली आहे, त्यामुळे तिथे काही करता येत नाही.

विक्रेत्याचं उत्तर, "घेताना चालत होतं ना?" परवा त्याची नवी जाहिरात दिसली. अर्ली २०१५, मॉन्टेरी, लॉजिकसह, ३३ हजार. सहा फोटो आहेत, मशीनच्या तळाचा एकही नाही.