बँडेराच्या रँचवरील दोन रात्री

टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवर असलेले बँडेरा हे गाव स्वतःला जगाची काउबॉय राजधानी म्हणवते. १८७४ पासून कॅन्सासमधील डॉज सिटीकडे गुरांचे कळप ज्या वाटेने हाकले जात, त्या वाटेवरचे हे जुने ठाणे असल्यामुळे तो दावा पोकळ वाटत नाही. येथील एका रँचवर, म्हणजे गुरे-घोडे पाळण्याच्या मोठ्या शेतवाडीवर, आम्ही उभयतांनी दोन रात्री मुक्काम केला. खोल्या साध्या पण स्वच्छ आहेत आणि सकाळची घोडेस्वारी नवख्यालाही झेपते.

मात्र पैसे वसूल झाले ते शनिवारी दुपारी, दोरफेकीच्या चुरशीत. दोन स्वार एका गोऱ्ह्यामागे घोडे सोडतात. पहिला शिंगांत फास टाकून दोराचा वेढा खोगिराच्या खुंटाला देतो व गोऱ्ह्याला डावीकडे वळवतो, आणि लगेच दुसऱ्याने मागचे दोन्ही पाय फासात धरायचे असतात. एकच पाय सापडला तर पाच सेकंदांचा दंड, गोऱ्ह्याला ठरलेली आघाडी मिळण्याआधी घोडा सुटला तर दहांचा. पहिला स्वार असलेल्या, साठी उलटलेल्या रँचच्या मुकादमाच्या उजव्या अंगठ्याचे वरचे पेर नाही. ते दोर आणि खुंट यांच्यात सापडून तुटले. “वेढा देताना अंगठा वर ठेवा,” एवढेच तो प्रत्येक पाहुण्याला बजावतो.

दोरफेकीतला त्याचा जोडीदार एके काळी त्याचा प्रतिस्पर्धी होता. दोघांचाही जीव याच रँचच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मुलीवर जडला होता, आणि एक अख्खा उन्हाळा ते एकमेकांशी बोलत नव्हते. तिने मुकादमाला होकार दिला. दुसऱ्याने लग्न केले नाही, पण रँचही सोडले नाही. रात्री लाकडी फरशीवर नाच सुरू झाला तेव्हा त्याने रीतसर विचारून तिच्याबरोबर एक फेर धरला, आणि मुकादम दोघांच्याही टोप्या हातात घेऊन शांतपणे भिंतीशी उभा राहिला. ते दृश्य पाहताना माझ्या पत्नीचे डोळे भरून आले.

उणीव एकच, पण मोठी. आगाऊ कळवूनही शाकाहारी जेवण म्हणून दोन्ही रात्री उकडलेला मका आणि पाव एवढेच मिळाले, आणि घेवड्याच्या रश्शात डुकराचे मांस असल्याचे आम्ही विचारल्यावरच सांगण्यात आले. शाकाहारी मंडळींनी शिधा सोबत न्यावा आणि मुक्कामात शनिवार येईल अशाच तारखा निवडाव्यात.