प्यूटर ग्रीन की रोझमेरी? ठाण्यातल्या दिवाणखान्यासाठी गडद हिरवा-राखाडी रंग निवडताना

शेरविन-विल्यम्स या अमेरिकी कंपनीच्या प्यूटर ग्रीन आणि रोझमेरी या दोन छटा शेड कार्डावर पाहिल्या, तर त्यांतला फरक चटकन लक्षात येत नाही. रंग किती प्रकाश परावर्तित करतो हे दाखवणाऱ्या 0 ते 100 च्या मोजपट्टीवर पहिलीचा आकडा 12 आणि दुसरीचा 14 आहे, त्यामुळे केवळ गडदपणा पाहून निर्णय होणार नाही. फरक आहे तो झाकेचा. प्यूटर ग्रीनमधला राखाडी थंड आहे, तर रोझमेरीत किंचित पिवळसर ऊब आहे.

घोडबंदर रोडवर जिथे टॉवर समोरासमोर उभे आहेत, तिथे खालच्या मजल्यांवर थेट ऊन फारसे येत नाही आणि समोरच्या इमारतीवरून परतलेल्या उजेडावरच दिवस काढावा लागतो. अशा खोलीत, किंवा खिडकी उत्तरेला असेल तर, प्यूटर ग्रीनमधला हिरवा दबतो आणि पावसाळ्यातल्या भरल्या आभाळाखाली तर भिंत शाळेतल्या पाटीसारखी दिसू लागते. तिथे मी रोझमेरीच सुचवेन, कारण कमी उजेडातही तिचा हिरवेपणा टिकून राहतो. पश्चिमेच्या खिडकीचे गणित मात्र उलटे आहे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रोझमेरी खाकीकडे झुकते, आणि प्यूटर ग्रीनचा थंडपणा तिथे उपयोगी पडतो.

दोन्ही छटा जड वाटत असतील, तर याच कंपनीने 2022 चा रंग म्हणून निवडलेल्या एव्हरग्रीन फॉगचा आकडा 30 आहे, पण तो गडद रंगांत मोडत नाही.

दिव्यांचा विचार रंगाआधी करावा. आपल्याकडे सर्रास असणाऱ्या 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली प्यूटर ग्रीन निळसर आणि काहीसा उदास दिसतो. 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तोच रंग खुलतो, रोझमेरी मात्र शेवाळी होते.

भिंतीला ओल येत असेल, तर यांपैकी कोणताही रंग तूर्त लावू नये, कारण फिक्या भिंतीवर न दिसणारे क्षारांचे पांढरे डाग गडद भिंतीवर लांबूनही डोळ्यांत भरतात. आधी गळती बंद करून भिंत पूर्ण सुकू द्यावी. बिनचमकीच्या मॅट रंगावर हात किंवा सोफ्याची पाठ घासली, की चकाकणारे पट्टे उमटतात, म्हणून जाण्यायेण्याच्या वाटेवर किंचित चमक असलेला सॅटिन बरा. मात्र त्यात पुट्टीचे उंचसखल लपत नाही.

स्थानिक दुकानातल्या मशीनवर या छटांच्या जवळचा रंग बनवून मिळू शकतो, परंतु बेस आणि रंगद्रव्ये वेगळी असल्याने तो हुबेहूब जुळेलच असे नाही. म्हणून आधी लहान डबा घ्यावा, मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात देऊन तो पूर्ण सुकू द्यावा आणि सकाळी, संध्याकाळी व दिवे लावल्यावर त्याच भिंतीला टेकवून पाहावा. पसंत पडल्यावर लागणारा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्यावा आणि डब्यावरची मिश्रणाची चिठ्ठी जपून ठेवावी.