नाव पशुधन विम्याचं, विमा चाऱ्याचा

उत्तर केनियातल्या मार्साबित भागात जानेवारी 2010 मध्ये आयबीएलआय, म्हणजे निर्देशांकावर चालणारा पशुधन विमा, विक्रीला आला. नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने तो परदेशी विद्यापीठांतल्या संशोधकांना बरोबर घेऊन बेतला. 2015 मध्ये सरकारने याच धर्तीवर केएलआयपी ही योजना काढली. आफ्रिकेत दुष्काळ आणि शेती धोरण यांवर झालेल्या संशोधनातून पॉलिसीचा कागद होऊन लोकांच्या हातात पडावं, असं फारसं घडत नाही. इथे ते घडलं, तेव्हा परीक्षणही कागदाचंच करू.

यात पंचनामा नाही. मेलेलं जनावर बघायला कोणी येत नाही. फिरत्या कळपांच्या मुलखात तपासनीस पाठवायचा तर त्याचाच खर्च हप्त्याहून जास्त. त्याऐवजी उपग्रह जमिनीचा हिरवेपणा मोजतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त प्रकाश परतवतं. त्या फरकातून एनडीव्हीआय हा आकडा निघतो. हंगामभराचे आकडे जमवून त्याच भागाच्या मागच्या वर्षांशी ताडले जातात. केएलआयपीत चालू हंगाम सर्वांत वाईट 20 टक्क्यांत उतरला की भरपाई सुरू व्हायची, आणि सर्वांत वाईट 1 टक्क्याला टेकला की पूर्ण मिळायची. तुमची गाय मेली की जगली, हा प्रश्नच येत नाही. रोगाने किंवा चोरीने गेलेल्या जनावराचा एक शिलिंगही मिळणार नाही, हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवं.

लहानमोठी जनावरं एकाच मापात मोजता यावीत, म्हणून हिशेब टीएलयू या एककात होतो: गाय 1, उंट 1.4, शेळी किंवा मेंढी 0.1. दोन उंट, एक गाय आणि बारा शेळ्या मिळून बरोबर 5. केएलआयपीत सरकारने घरटी 5 टीएलयूंचा सगळा हप्ता भरला. एककाला वर्षाचं संरक्षण 14,000 शिलिंग होतं, म्हणजे घरटी कमाल 70,000. फुकटची पॉलिसी किती घरांनी घेतली, यावरून लोकांना ती हवी होती का, हे मात्र कळत नाही. स्वतः हप्ता भरणाऱ्यांसाठी विक्री वर्षात दोनदाच खुली असते, जानेवारी-फेब्रुवारी आणि ऑगस्ट-सप्टेंबर. पाऊस हुकलेला दिसल्यावर कोणी विमा काढायला येऊ नये, म्हणून पावसाआधीच खिडकी बंद.

आयबीएलआयच्या पहिल्या आवृत्तीची सर्वांत मोठी चूक वेळेची होती. तेव्हा हिरवेपणावरून जनावरांच्या मृत्यूचं प्रमाण काढत, ते 15 टक्क्यांवर गेलं तर पैसे, तेही कोरडा हंगाम उलटल्यावर. नवं जनावर घेण्यापुरते. तोवर गोठा रिकामा. पुढे भरपाई अलीकडे ओढली आणि हेतूही बदलला: आहे ते जनावर जगवायला चारा, पाणी, औषध. ही सुधारणा मला या पॉलिसीतली सर्वांत शहाणपणाची वाटते. दुसरी चूक दराची. निर्देशांकाचे विभाग पाच, हप्त्याचे दर दोनच. जास्त धोक्याच्या विभागाला विमा स्वस्त पडला, कमी धोक्याच्या विभागाने शेजाऱ्याचा भार उचलला. हे पुढे दुरुस्त झालं.

राहिलेला दोष मात्र मुळातलाच. 2016 च्या एका अभ्यासानुसार सगळ्या भागावर एकदम येणाऱ्या मोठ्या नुकसानीचा धोका या विम्याने सरासरी 63 टक्क्यांनी कमी होतो. पण घरागणिक वेगळ्या कारणांनी होणारं नुकसान इतकं असतं की मूळ धोक्यातला 62 ते 77 टक्के हिस्सा विमाधारकाच्या गळ्यातच राहतो. शिवाय उपग्रहाला हिरवं दिसलं म्हणजे ते खाण्याजोगं असतंच असं नाही. टाना रिव्हर, गारिसा, तुर्काना या भागांत मथेंगे नावाची काटेरी झुडपं माजली आहेत. खाली गवत उरलेलं नसतं, तरी ती दुष्काळातही हिरवी राहतात, आणि आकडा सांगतो, चारा आहे!

तरी उपयोग झाला. 2011 च्या दुष्काळात भरपाई मिळालेल्यांचा अभ्यास झाला, त्यात बऱ्या स्थितीतल्या घरांनी जनावरं कमी विकली आणि गरीब घरांनी जेवणांना कमी कात्री लावली. हा फरक खरेदीदारानेही लक्षात घ्यावा. ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत, त्याला हा पैसा चुलीसाठी. ज्याच्याकडे कळप आहे, त्याला चाऱ्यासाठी.

हवामान बदलाने आता पायाच हलवला आहे. ऑक्टोबर 2020 पासून 2022 अखेरपर्यंत इथे लागोपाठ पाच पावसाळे हुकले. पाचात एक वाईट, असं गृहीत धरून ठरवलेला 20 टक्क्यांचा उंबरठा अशा काळात हंगामामागून हंगाम ओलांडला जातो, भरपाई वाढते, मग हप्ता चढतो. ही वाईट वर्षं तुलनेच्या यादीत घालावीत तर दुष्काळच नेहमीचा ठरतो आणि तेवढ्याच कोरड्या हंगामात पैसे कमी मिळतात. म्हणून पॉलिसी घेताना दराआधी एक गोष्ट विचारावी: आमच्या भागाची तुलना कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या आकड्यांशी करता?