लेबल आठ ओहमचे, स्पीकर चार ओहमचे

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या छोट्या वाद्यवृंदाने ९७,७०० रुपये मोजून साउंड सिस्टीम विकत घेतली आणि तिसऱ्याच कार्यक्रमात ती जळाली. लिहिताना आजही संताप होतो आणि लाजही वाटते, कारण व्यवहार ठरवण्यासाठी मंडळींनी मलाच पुढे केले होते. आम्ही पाचजण नोकऱ्या सांभाळून भावगीते, नाट्यगीते आणि भजने सादर करतो. प्रत्येकाने १२,००० रुपये काढले आणि उरलेले ३७,७०० रुपये चार वर्षांच्या मानधनातून साठवलेल्या निधीतून घातले.

विक्रेता मडगावच्या बाजूचा. जत्रांमधून त्याची सिस्टीम आम्ही अनेकदा ऐकली होती, त्यामुळे तो परका वाटला नाही. अ‍ॅम्प्लिफायर ३८,५०० रुपये, चार स्पीकर बॉक्स प्रत्येकी १४,००० प्रमाणे ५६,००० रुपये आणि केबल ३,२०० रुपये. बॉक्सच्या मागे ४०० वॉट आरएमएस (सलग पेलवणारी शक्ती), ८ ओहम (विजेला होणारा रोध; तो जितका कमी, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर ताण जास्त) असे लिहिले होते आणि अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमवर प्रत्येक चॅनलला (आवाज बाहेर जाण्याच्या दोन वाटांपैकी प्रत्येकीला) ८०० वॉट देतो, असे त्याच्या पत्रकात होते. मी हिशेब न करता पैसे दिले, असे कोणी म्हणू नये. एका चॅनलवर ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि दोन्हींची क्षमता मिळून ८०० वॉट होते. माझा हिशेब बरोबर होता. ज्या आकड्यांवर तो केला, ते आकडे खोटे होते.

ज्या क्षणी माझ्या लक्षात यायला हवे होते, तो क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तिसरा बॉक्स टेम्पोत चढवताना मागच्या जोडणीच्या पट्टीवरील चंदेरी लेबलचा एक कोपरा सुटलेला दिसला. त्याखाली काळ्या अक्षरांची एक रेघ दिसत होती. मी काय केले, तर तो कोपरा स्वतःच्या अंगठ्याने नीट दाबून बसवला. पावसाची सर आली होती, टेम्पोवाला घाई करत होता आणि नवी वस्तू खराब दिसू नये एवढेच माझ्या मनात होते. तोच कोपरा ओढला असता तर आमचे पैसे वाचले असते. पुढे ते लेबल सोलून काढले, तेव्हा खाली ४ ओहम, १५० वॉट असे स्वच्छ छापलेले निघाले.

दुसरी खूण अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरच होती. फ्यूजजवळ २३० व्होल्ट, ४ अँपिअर असे लिहिले होते, म्हणजे सलग फार तर ९२० वॉट वीज आत जाणार. त्यातला काही भाग उष्णतेत जातो, मग दोन चॅनल मिळून १,६०० वॉट सलग बाहेर कुठून येणार? हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या होतो. तो तिथेच करा. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वॉटला तो किती मोठा आवाज काढतो, ती किती डेसिबल आहे, हे मी विचारले होते, तेव्हा त्याने उत्तर टाळून पुन्हा वॉटचेच आकडे सांगितले. वॉट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, हे ज्याला सांगायचे नसते तो असेच करतो. आणि पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा फुगवलेला आकडा कोणी पुढे केला, तर तो वाचण्याचेही कष्ट घेऊ नका.

दुकानात त्याने एकच बॉक्स जोडून मंद आवाजात नाट्यगीत ऐकवले. चारही बॉक्स जोडून मोठ्या आवाजात वाजवले असते तर त्याची चोरी तिथेच उघडी पडली असती. पहिले दोन कार्यक्रम लहान खोल्यांत झाले, म्हणून निभावले. तिसरा वाळपईजवळच्या सार्वजनिक गणेशोत्सवात होता. ४ ओहमचे दोन बॉक्स समांतर, म्हणजे प्रत्येक चॅनलवर प्रत्यक्षात २ ओहमचा भार, आणि अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा ४ ओहम. क्लिपिंगचा, म्हणजे क्षमतेबाहेर ताणल्याने आवाजाची लहर छाटली जात असल्याचा, लाल दिवा सतत पेटलेला होता. अर्ध्या तासात आवाज बंद पडला, पंखा लावून थंड केल्यावर परतला, पुन्हा गेला. पुढच्या वेळी स्पीकरमधून मोठी घरघर आली, जळक्या वार्निशचा वास सुटला आणि गायिका अंतऱ्याच्या मध्यावर थांबली. आम्ही ८,००० रुपयांचे मानधन घेतले नाही.

म्हापशाच्या कारागिराने मल्टिमीटर लावला. ८ ओहमच्या स्पीकरचा रोध मीटरवर साधारण ६ च्या आसपास दिसतो. आमच्या शाबूत बॉक्सचा ३.३ दिसला. आऊटपुट ट्रान्झिस्टर उडाल्यावर थेट डीसी (एकाच दिशेने वाहणारा विजेचा प्रवाह) स्पीकरमध्ये गेला आणि दोन वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कॉइल काळ्या पडल्या, असे त्याने उघडून दाखवले. अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीचे ६,८०० आणि एका वूफरचे ४,८०० रुपये झाले. तोवरच्या तीन कार्यक्रमांसाठी भाड्याची सिस्टीम आणली, तिचे १३,५०० रुपये वेगळे. लहान अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला सुरक्षित असतो, हा समजही सोडा. तो ताणून क्लिप झाला की वरचे सूर काढणारे छोटे स्पीकर, म्हणजे ट्विटर, आधी जातात. साधा मल्टिमीटर सोबत न्या आणि प्रत्येक बॉक्स मोजा, विक्रेत्याला राग आला तरी.

विक्रेत्याने तुम्हीच चुकीचे जोडले असे सांगून फोन उचलणे बंद केले. मी पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा सगळे बंदोबस्तावर होते, दुसऱ्यांदा बिल मागितले, तिसऱ्यांदा हा दिवाणी वाद आहे असे ऐकवले आणि अर्ज ठेवून घेतला तरी पोच दिली नाही. लेबलवर लेबल चिकटवून माल विकणे ही फसवणूक नसेल तर फसवणूक कशाला म्हणायचे, असे विचारल्यावर समोरच्या माणसाने वर पाहिलेसुद्धा नाही. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात रजा टाकून गेलो, तर कारकुनाने खिडकीतूनच सांगितले की तुम्ही मानधन घेता, म्हणजे खरेदी व्यापारी झाली आणि तुम्ही ग्राहकच नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधला व्यापारी खरेदीचा अपवाद मलाही ठाऊक आहे, पण तो आम्हाला लागू होतो की नाही हे ग्राहक आयोगाने ठरवायचे असते, खिडकीतल्या माणसाने नव्हे. कर वाचेल म्हणून बिल घेतले नाही, ही माझी चूक मी मान्य करतो. ७२,७०० रुपये रोख दिले, त्याचा कागद नाही. पण त्या चुकीने त्याचे लेबल खरे होत नाही. बिल सोडू नका, कितीही सवलत मिळो.

वकिलाच्या सांगण्यानुसार आगाऊ दिलेल्या २५,००० रुपयांची यूपीआय नोंद आणि ८ ओहमचा उल्लेख असलेले त्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुरावा म्हणून चालतील. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. अर्ज लिहून तयार आहे. सोललेली चारही लेबले मी कोऱ्या कागदावर चिकटवून पाकिटात ठेवली आहेत आणि चौथा बॉक्स दुरुस्त न करता जसा जळाला तसाच राखून ठेवला आहे.