वेबसाठी लोगो इंकस्केपमधून: काही महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत हळद, बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना लोगो आणि लेबलं करून देतो. छपाईचं काम अजून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच चालतं, पण वेबसाइटवर जाणारी प्रत्येक इमेज गेले काही महिने इंकस्केप या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधूनच काढतोय. फुकट आहे हे खरंच, पण मी टिकलो ते त्याच्या एक्स्पोर्टमुळे, म्हणजे फाइलमधून इमेज बाहेर काढायच्या सोयीमुळे.

गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली: "दादा, लोगो फुटतोय." वेक्टर, म्हणजे रेषा-आकारांच्या मापांनी साठवलेलं चित्र, कितीही मोठं केलं तरी फुटत नाही, बिघडतं ते त्याचे पिक्सेल (इमेजमधले बारीक चौकोनी ठिपके) होताना. एक पिक्सेल जाडीच्या उभ्या रेघेचा मध्य बरोबर पूर्णांकावर, म्हणजे दोन पिक्सेलांच्या सीमेवर आला, की तिची जाडी दोन शेजारच्या पिक्सेलांत अर्धी-अर्धी वाटली जाते आणि काळ्याऐवजी करडी, पसरट रेघ उमटते. तीच अर्धा पिक्सेल सरकवा, लख्ख दिसते. दोन पिक्सेलची रेघ मात्र पूर्णांकावरच हवी. म्हणून नवीन फाइल घेतली की मी आधी मिलिमीटर काढून पिक्सेल लावतो, स्केल १ करतो आणि ग्रिड (आखणीची जाळी) चालू करतो. मग ९६ डीपीआयला (इंचाला ९६ पिक्सेल) पानावरचा एक पिक्सेल म्हणजे इमेजमधला एक पिक्सेल, हिशेब सोपा.

एक्स्पोर्ट शक्यतो 'पेज'चं, म्हणजे अख्ख्या पानाचं करावं. 'सिलेक्शन'ची, म्हणजे निवडलेल्या भागाची मापं अपूर्णांकात निघाली तर कडा धूसर होतात. मोबाइलच्या दाट स्क्रीनसाठी १९२ डीपीआयची दुप्पट इमेजही लागते. २०२२ च्या १.२ आवृत्तीपासून बॅच एक्स्पोर्टमध्ये दोन्ही एकदम निघतात, हे मला फार आवडलं.

लोगोला जेपीजी नकोच. पिवळ्या पट्टीवरच्या लाल अक्षरांभोवती त्यात घाण दिसते, कारण जेपीजी रंगाचा तपशील बहुतेक वेळा कमी करूनच साठवतं. पीएनजीत अक्षर जसंच्या तसं राहतं, मागची बाजूही पारदर्शक ठेवता येते.

एसव्हीजी, म्हणजे वेक्टर फाइलच द्यायची असेल तर मराठी अक्षरांचे आधी पाथ (नुसते आकार) करा. समोरच्याकडे तो फाँट नसेल तर दुसराच लागतो आणि अक्षरांची सगळी ठेवण बदलते. पाथ केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी जपा.

खटकतं ते एवढंच: ब्लर, सावल्या जास्त असल्या की फाइल जड होते आणि काम रेंगाळतं. तसल्या डिझाइनला मी सावली अगदी शेवटीच लावतो.