चित्र भाड्याने घ्यावं की वाचनालयातून आणावं?

युरोपात भाड्याच्या घरात राहणारं आपलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच, कारण मी दोन्ही करून पाहिलंय. चार वर्षं नेदरलँड्समध्ये, आता बर्लिनमध्ये.

डच पद्धतीबद्दल मला आदरच आहे. पीटर कोइस्त्रा या चित्रकाराने १९५५मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला चित्रं उसनी देणारी संस्था उभी केली. सरकारही चित्रकारांना चरितार्थासाठी पैसे देऊन त्यांची चित्रं घेत असे. ती योजना १९८७पर्यंत चालली आणि त्यातली बरीच चित्रं पुढे अशा संग्रहांत आली. त्यामुळे निवडीला भरपूर वाव, मोठे कॅनव्हाससुद्धा. महिन्याला वर्गणी भरायची. तिचा काही भाग आपल्या नावावर साठतो आणि त्यातून चित्र विकत घेता येतं.

माझं घोडं इथेच अडलं. मी जायचो तिथे चित्राच्या पाठीवर किमतीची चिठ्ठी असे. एक करडा समुद्र आम्ही घरी आणला होता, बायकोचा फार जीव त्याच्यावर. पण सकाळी चहा घेताना त्याच्याकडे बघितलं की मनात हिशोब सुरू: साठले किती, कमी किती? ते पैसे दुसरीकडे चालणारही नव्हते. गाव सोडायची वेळ आली तेव्हा समुद्र आवाक्याबाहेरच होता. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून घाईने एक लहान चित्र घेतलं. ते आजही कपाटामागे आहे.

बर्लिनच्या रायनिकेनडॉर्फ भागात १९६८पासून पालिकेची ग्राफोथेक, म्हणजे चित्रांचं वाचनालय, आहे. पुस्तकासारखं चित्र न्यायचं, मुदतीत परत करायचं. इथे मुख्यतः मुद्राचित्रं, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेली चित्रं, मिळतात, त्यामुळे दिवाणखान्याची लांबलचक भिंत भरेल अशी आशा धरू नका. ने-आणही आपणच करायची. पण मी आणतो त्या चित्रांवर किंमत नसते, आणि माझ्यापुरतं तेवढं पुरतं. परतीच्या आदल्या रात्री आम्ही दिवा लावून चित्रासमोर बसतो. समुद्राकडे असं निवांत कधी बघितलंच नव्हतं.

दहा वर्षं एकाच घरात राहणार असाल आणि एखादं चित्र कायमचं हवं असेल, तर डच पद्धत कदाचित सोयीची पडेल. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड हलत असेल, तर मी आधी वाचनालयात जाईन. जाताना जुनी सोलापुरी चादर न्या. फ्रेमला काच असते आणि ट्रेनमध्ये धक्के बसतात.